हरलीस तर बोलायचं असतं

तीन आठवडे झाले तरी ती गोष्ट डोक्यातून जात नाहीये, आणि गोष्ट तर अगदीच फुटकळ आहे. तोक्योत आमच्या घरापासून दहा मिनिटांवर एक कम्युनिटी सेंटर आहे, त्याच्या दुसऱ्या मजल्यावर तातामीची, म्हणजे गवती चटयांची, एक लांबट खोली, आणि शनिवारी दुपारी तिथे शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळ, खेळणारी मंडळी जमतात. मंडळी म्हणजे एकतर सत्तरीपुढचे आजोबा नाहीतर प्राथमिक शाळेतली पोरं, मधल्या वयाचं चिटपाखरूही नसतं. मधल्या वयाची मी एकटी, ती पण लेकाला सोडायला-आणायला म्हणून, कोपऱ्यात भिंतीला टेकून मोबाईल बघत बसणारी. रॉकेलच्या हीटरचा वास, वाळक्या गवतासारखा तातामीचा वास, आणि बोलणं जवळपास शून्य, नुसतं टक्, टक्, लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज. त्या दिवशी एका टोपीवाल्या आजोबांचा जोडीदार आलाच नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि समोरच्या उशीवर हलकेच थाप मारली. नाही म्हणायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही खाज होतीच. शाळेत असताना जिल्हा पातळीपर्यंत बुद्धिबळ खेळलेय मी, दीड वर्षं लेकाबरोबर घरी शोगी खेळतेय, चाली येतात, म्हटलं बघू तरी.

आणि डाव चांगला चालला होता हो! शोगीत हत्ती एकच आणि उंट एकच असतो, हिशा आणि काकु, आणि अर्ध्या तासात आजोबांचे ते दोन्ही माझ्या खिशात, वर एक चांदी, त्या नावाची सोंगटी. बुद्धिबळात एवढं हाताला लागलं की समोरचा मनातल्या मनात चपला शोधायला लागतो. आजोबा मात्र शांतपणे बार्लीचा चहा पीत होते. मग त्यांनी एक प्यादं, इथे त्याला फू म्हणतात, माझ्या राजापासून दोन घरं पुढे आणून ठेवलं. आणून म्हणजे पटाबाहेरून, मारलेल्या सोंगट्यांच्या हातातल्या साठ्यातून, शोगीत त्या अशा परत पटावर आणता येतात. म्हटलं एक फू काय करणार, आणि मी त्यांच्या राजाच्या मागे लागले. त्यानंतर त्यांनी तर्जनी आणि मधल्या बोटात एक किन उचलला आणि त्या फू आणि माझा राजा यांच्या मधल्या घरात, राजाच्या बरोब्बर डोक्यासमोर, टक्. संपलं. किन म्हणजे सोनं, तो मागचे दोन कोपरे सोडून सगळीकडे एक घर जातो, त्यामुळे राजाची पाचही घरं एका दमात बंद, आणि किनला मारावं तर मागे फूचा जोर. याला 'अतामाकिन' म्हणतात, डोक्यावर सोनं, आणि इथली सात वर्षांची पोरं पहिल्या आठवड्यात हीच मात शिकतात. माझ्या राजाशेजारचे दोन्ही किन मी कधीच पुढे पाठवले होते, शिकारीला. त्यातला एक मारला गेला होता. जो डोक्यावर येऊन बसला तो तोच, दहा मिनिटांपूर्वीचा माझा.

मी हसले, आणि सवयीने शेकहँडसाठी हात पुढे केला.

आजोबांनी माझ्या हाताकडे बघितलं. दोन बोटं हलकेच धरली, सोडली, आणि तसेच बसून राहिले, गुडघ्यांवर हात, मान किंचित पुढे, कशाची तरी वाट बघत. मी सोंगट्या गोळा करायला घेतल्या तर त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकून गेलं, राग नव्हे, जेवणाऱ्याच्या पुढचं ताट अर्ध्यावर उचललं की कसा चेहरा होतो तसं काहीतरी. मी 'आरिगातो गोझाइमाश्ता', आभारी आहे, म्हटलं, दोनदा वाकले, उठले. खाली जिन्यात बूट घालताना लेक म्हणाला, "आई, तू माकेमाश्ता म्हटलंच नाहीस."

"अरे, मी हरले ते त्यांना दिसलं की."

"दिसतं, पण बोलायचं असतं."

माकेमाश्ता म्हणजे 'मी हरले'. शोगीत डाव असा संपतो. मात करून राजा खरंच मारेपर्यंत सहसा कुणी खेळत नाही, हरणाऱ्याला कळतं, तो हात मारलेल्या सोंगट्यांच्या छोट्या चौरंगावर ठेवतो, वाकतो आणि तोंडाने म्हणतो, मी हरलो. मग जिंकणारा वाकतो. जिंकणाऱ्याने आरोळी ठोकायची नाही, मूठ आवळायची नाही, डाव संपवायचा अधिकार हरणाऱ्याकडे. मोठ्या किताबांच्या लढती मी लेकामुळे बघते, दोन-दोन दिवस चालतात, दोघेही किमोनो-हाकामाच्या पारंपरिक पोशाखात, दुपारी कोणी कुठला केक मागवला याचीही बातमी होते (केकचं दुकान दुसऱ्या दिवशी ओसंडतं म्हणे). लाइव्ह बघताना कोपऱ्यात कोण जिंकणार याचा कॉम्प्युटरचा आकडा येतो, 97 टक्के, 99 टक्के, म्हणजे सगळ्या देशाला कळलेलं असतं, समोरच्यालाही कळलेलं असतं, आणि तरी सगळे थांबलेले. हरणारा पाणी पितो. हाओरीची, वरच्या अंगरख्याची, गळपट्टी सारखी करतो. छताकडे बघतो. आणि मग ते एक वाक्य, कधीकधी इतकं हळू की माइकला पण धड ऐकू येत नाही. बुद्धिबळात आपण घड्याळ थांबवतो, हात मिळवतो, कोणी नाटकी असेल तर राजा आडवा करतो, पण 'मी हरलो' हे शब्द पटापाशी बसून मी आयुष्यात कुणाकडून ऐकले नव्हते, आणि स्वतः तर कधीच म्हटले नव्हते.

आमच्या घरात तर नाहीच नाही. मी बुद्धिबळ शिकले सांगलीत, आजोबांकडे. सांगलीत बुद्धिबळ हवेतच आहे, भाऊसाहेब पडसलगीकरांनी सुरू केलेल्या स्पर्धा, उन्हाळ्याच्या सुट्टीत गावोगावहून आलेली पोरं, खाली मान घालून बसलेली. पण आमचे आजोबा त्यातले नव्हते, ते देशी पद्धतीने खेळायचे. कापडी पट, सोंगट्यांची मळकी पिशवी, एक काळा हत्ती हरवलेला म्हणून त्याच्या जागी दोऱ्याचं रीळ. प्यादं पहिल्या चालीला पण एकच घर, कॅसलिंग नाही, राजाला डावात एकदा घोड्याची उडी. आणि त्यांचा सगळ्यात मोठा अभिमान म्हणजे प्यादेमात. वजिराने मात काय कुणीही करतं, असं म्हणायचे, आणि हातातली मात सोडून चार चाली उशिरा प्याद्याने करायचे. मी हरले की मीच पट उधळून द्यायचे. डाव उधळणे हा वाक्प्रचार मी पुस्तकात खूप नंतर वाचला, आधी केला. आजोबा काही बोलायचे नाहीत, सोंगट्या कॉटखालून गोळा करायचे. रीळ सगळ्यात लांब जायचं.

अकरा वर्षांची असताना मी एकदा त्यांना हरवलं. मे महिना, दुपार, वर पंखा कुरकुरत होता, बाहेर कुणीतरी कुरडयांवरचे कावळे हाकलत होतं. मी मात म्हटलं. त्यांनी बराच वेळ पटाकडे बघितलं, मग एकेक सोंगटी उचलून पिशवीत टाकली, नाडी ओढली आणि म्हणाले, जा, आजी हाक मारतेय. आजीने हाक मारली नव्हती. ते मुद्दाम हरले की खरंच हरले हे मला आजतागायत माहीत नाही, आणि पुढच्या वर्षी विचारायला ते नव्हते.

बुद्धिबळ आणि शोगी एकाच घरातून निघालेले. चतुरंग हा जुना खेळ भारतातून पश्चिमेला इराणमार्गे युरोपात गेला आणि त्याचं बुद्धिबळ झालं, पूर्वेला गेला त्याचं कुठे काय, कुठे काय झालं, आणि शेवटच्या टोकाला शोगी. नारा शहरात कोफुकुजी नावाचं देऊळ आहे, तिथल्या उत्खननात शोगीच्या सोळा सोंगट्या मिळाल्या, बरोबर 1058 सालची लाकडी पाटी. मला त्यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट चांदीची आहे. शोगीतली चांदी, गिन, चार तिरक्या घरांत जाते आणि एक घर सरळ पुढे, बास. मी लेकाला विचारलं ही कसली विचित्र चाल, लक्षात तरी कशी ठेवायची. तर अल-बिरुनीने हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानातल्या बुद्धिबळाचं वर्णन लिहून ठेवलंय आणि त्यात हत्ती नेमका असाच चालतो, चार कोपरे आणि एक पुढे, कारण चार पाय आणि एक सोंड! थायलंड आणि ब्रह्मदेशातल्या बुद्धिबळात आजही ही चाल आहे. म्हणजे बहुधा हत्ती चालत चालत जपानपर्यंत आला, इथे तेव्हा कुणी हत्ती बघितलेला नाही, तर त्याचं नाव चांदी झालं पण चाल हत्तीचीच राहिली. हे वाचलं त्या रात्री मी चांदीची सोंगटी हातात घेऊन उगाच बसले होते. चपटी, पाचकोनी, पुढे निमुळती, सोंड म्हणायला हरकत नाही. रिळापेक्षा तर नक्कीच जास्त हत्ती.

बाकी नावं पण युद्धाची वाटत नाहीत. सोनं, चांदी, एक सुगंधी झाडाचा घोडा, एक धुपाचा रथ, आणि राजांपैकी एकाचं नाव रत्न. राजा म्हणून लिहिलेली सोंगटी वरच्या दर्जाच्या खेळाडूची, रत्न दुसऱ्याचं. हा घोडा मला फार केविलवाणा वाटतो, उडी मारतो पण फक्त पुढे, दोनच घरं, परत यायची सोय नाही, आणि 'घोड्याची उंच उडी, फूच्या तोंडचा घास' अशी म्हणच आहे. रथाचं तर त्याहून वाईट, नाकासमोर सुटला की सुटला. प्यादी पण समोरच मारतात, तिरकी नाही, याची मला अजून सवय झालेली नाही, तिरकं मारायला हात जातो आणि लेक माझ्या हातावर चापटी मारतो. पलीकडच्या तीन ओळींत पोचलं की सोंगटी उलटी करता येते, मागच्या बाजूला बढतीचं नाव असतं. फू उलटला की सोन्यासारखा चालतो. आणि गंमत म्हणजे जपानीत नवश्रीमंताला 'नारिकिन' म्हणतात, सोनं बनलेला, तो शब्द इथूनच आला.

पण खरी मेख ती नाही. सोंगट्यांना रंगच नसतो. चाळीसच्या चाळीस एकाच लाकडाच्या, एकाच रंगाच्या, टोक ज्या दिशेला ती बाजू. तुम्ही माझी चांदी मारली की ती तुमच्या चौरंगावर जाते आणि पुढे कधीही, एक चाल खर्च करून, टोक माझ्याकडे करून पटावर हव्या त्या रिकाम्या घरात ठेवता येते. मी हे फॅमिली ग्रुपवर टाकलं तर भावाचा दोन सेकंदांत रिप्लाय, "म्हणजे महाराष्ट्राचं राजकारण." मग खाली पंधरा हसऱ्या चेहऱ्यांची रांग, आणि माझी शोगीची माहिती तिथेच वाहून गेली.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन फौजा जपानात होत्या तेव्हाचा एक किस्सा इथे सगळ्यांना माहीत असतो. मासुदा कोझो हे त्या काळातले जबरदस्त खेळाडू, तितकेच फटकळ. अमेरिकन अधिकाऱ्यांनी त्यांना बोलावून विचारलं की तुमच्या खेळात पकडलेल्या सैनिकांना स्वतःच्याच बाजूविरुद्ध लढायला लावतात, हा युद्धकैद्यांचा छळ नाही का? मासुदा स्वतः सांगायचे त्याप्रमाणे त्यांनी आधी बियर मागितली, आणि मग सुनावलं की छळ तर तुमच्या चेसमध्ये आहे, तिथे पकडलेल्याला मारून टाकतात, आम्ही त्याला त्याच्या हुद्द्यासकट काम देतो. वर आणखी एक टोला, तुमचा राजा संकटात बायकोला ढाल करून पळतो, हीच का तुमची लोकशाही. हा शेवटचा भाग वाचताना मला हसू आलं, कारण मराठीत हा टोला लागणारच नाही, आपल्याकडे ती राणी नाहीच, वजीर आहे. माझी अख्खी शाळा वजिरावर गेली, राणी मला इंग्रजी पुस्तकात भेटली तेव्हा ही कोण बाई असं झालं होतं. तरी मासुदांचं म्हणणं मला निम्मंच पटतं. माझा किन माझ्याच राजाच्या डोक्यावर आणून बसवला, त्याला कामाला लावणं म्हणताना जीभ जरा अडखळते. पण मग मेलेल्या सोंगट्या पटाशेजारी आडव्या पडलेल्या असतात, लहानपणी मी त्यांना रांगेत उभं करायचे, घोड्याला घोड्याशेजारी, ते आठवतं. ते तरी काय बरं होतं?

खेळताना याचा परिणाम एवढा होतो की माझं वीस-पंचवीस वर्षांचं बुद्धिबळ उलटं पडतं. बुद्धिबळाचा पट रिकामा होत जातो, शेवटी राजा, दोन-चार प्यादी आणि भरपूर हवा. घाईत काही नसतं, मोजत मोजत जायचं. शोगीत जसजसा डाव पुढे जातो तसतशी हातातली शस्त्रं वाढतात, शेवटी शेवटी तर कुठल्याही रिकाम्या घरातून भूत निघू शकतं. मी आपली हत्ती-उंटाची बेरीज करत बसते आणि समोरचा चाली मोजत असतो, की कोण आधी पोचतो. 'फू नसलेली शोगी ती हरलेली शोगी' असं म्हणतात, आणि मी फू गोळा करायचा कंटाळा करते, अजूनही. शिवाय फूचे नियम वेगळेच. एका उभ्या ओळीत स्वतःचे दोन फू चालत नाहीत, टाकलात की तिथेच हरलात, 2015 मध्ये टीव्हीवरच्या सामन्यात एका प्रोने हे केलं आणि बघणाऱ्यांनी डोक्याला हात लावला. आणि हातातला फू टाकून थेट मात करायची नाही. पटावरचा सरकवून केली तर चालते, हातातला टाकून केली तर नाही. लेकाच्या मते कारण असं की साध्या शिपायाने अचानक उगवून राजाला मारणं बरं दिसत नाही. मला आजोबांचा चेहरा आठवला. त्यांची प्यादेमात इथे निम्मी बेकायदेशीर.

आणि बरोबरी! ही तर आमची लाडकी. 2018 च्या बुद्धिबळाच्या जागतिक अजिंक्यपद लढतीत कार्लसन आणि कारुआना लंडनमध्ये बारा डाव खेळले आणि बाराच्या बारा बरोबरीत. शोगीच्या प्रो लोकांत बरोबरी अगदी क्वचित. तीच स्थिती चौथ्यांदा आली तर डाव रद्द, त्याला 'हजार दिवसांचा हात' असं भारी नाव आहे, आणि सहसा थोडं थांबून त्याच दिवशी बाजू बदलून परत पहिल्यापासून. सतत शह देऊन सुटका करून घ्यावी तर तीही नाही, शह देणाराच हरतो. म्हणजे सटकायला खिडकी म्हणून नाही. आठवीत पुण्याच्या एका स्पर्धेत माझ्याकडे एक प्यादं जास्त होतं, डाव माझाच होता, आणि समोरच्या मुलीने घड्याळाकडे बघून एक सुस्कारा टाकला तेव्हा मीच बरोबरी विचारली. तिने एवढ्या पटकन हो म्हटलं की मला लगेच कळलं काय केलं ते. बाबा बाहेर उसाचा रस घेऊन उभे होते. विचारलं, काय झालं? म्हटलं, बरोबरी, भारी खेळत होती ती. रस कोमट झाला होता.

हरण्याच्या वाक्यानंतर जे होतं त्याला कान्सोसेन म्हणतात, आणि टोपीवाले आजोबा बहुतेक त्याचीच वाट बघत होते. दोघं मिळून डाव परत मागे नेतात, पहिल्यापासून किंवा जिथे बिघडलं तिथून, आणि बोलतात. इथे हे खेळलात, ते खेळला असतात तर? मी घाबरलो होतो. मला वाटलं तुम्ही तिकडे याल. टीव्हीवरचे दिग्गज पण करतात, दोन दिवस खेळून, हरून, डोळे लाल झालेले, आणि तरी तासभर समोरासमोर बसून आपला पराभव चाल-चाल उलगडतात. बुद्धिबळातही लोक डाव बघतात म्हणा, पण तिथे मला बाथरूममध्ये जाऊन तोंड धुणं जास्त आठवतंय.

परवा शनिवारी परत गेले. लेकाला काही सांगितलं नव्हतं. हीटर बंद केला होता, खिडकी उघडी, खालच्या रस्त्यावरून कुठल्या तरी शाळेच्या पोरांचा गलका येत होता. आजोबांनी उशीवर थाप मारली. या वेळी त्यांनी न विचारता स्वतःचा हिशा आणि काकु उचलून डबीत ठेवून दिले, म्हणजे मला दोन मोठ्या सोंगट्यांची सवलत, म्हणजे माझी पायरी त्यांनी बरोब्बर ओळखली होती. किन मी राजाजवळच ठेवले. फू गोळा केले. चाळीसएक मिनिटं टिकले. मग त्यांनी एक चांदी टाकली, माझा हत्ती, सोंड माझ्याकडे करून, आणि मी तीन चाली पुढे मोजल्या आणि दिसलं.

पाणी प्यायले. ओढणी सारखी केली. चौरंगावर हात ठेवला, वाकले आणि म्हटलं, माकेमाश्ता.

आजोबांनी कानामागे हात नेला. "हाँ?"

त्यांना ऐकू कमी येतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी परत म्हटलं, आणि या वेळी एवढ्या जोरात गेलं की खोलीतलं टक्-टक् थांबलं, शेजारच्या पटावरचे दोन आजोबा वळून बघायला लागले आणि कोपऱ्यात माझा लेक तोंडावर हात दाबून लोळायला लागला. टोपीवाले आजोबा मात्र पूर्ण गंभीर. टोपी काढली, वाकले, टोपी परत घातली. मग भराभर सोंगट्या मागे न्यायला लागले, त्यांना अख्खा डाव पाठ होता, एकेक चाल उलटी, माझ्या सोंगट्या टोक फिरवून मला परत, आणि अर्ध्यावर थांबून माझ्या एका चांदीवर बोट ठेवलं. ही इकडे का आणलीत? काय विचार होता?

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला 'भीती वाटली'ला जपानी शब्दच आठवेना.